शाळा सुरू झाल्या, आमचा बाजऱ्या फाटक सोडीना

जिंतूरची सून (परभणी) – गुरुवार, १९ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथं बऱ्याच जणांकडं कुत्री आहेत म्हणून विचारते. हसू नका.

सोमवारी शाळा सुरू झाल्या. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. आमचा बाजऱ्या अडीच वर्षांचा, गावरान. शेतातल्या आखाड्यावर (वस्तीवर) जन्मला. बाजरीच्या पिठासारखा रंग, म्हणून सासऱ्यांनी हे नाव ठेवलं. पिल्लू असताना लेकरांनी हट्ट करून गाडीत घालून आणला, तेव्हापासून घरातच.

उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे त्याची नुसती चंगळ होती. ऊन चढायच्या आत दोघांबरोबर फिरून यायचं, दुपारभर कूलरपुढं तिघं आडवे, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना त्यानं मधेमधे लुडबूड करायची आणि रात्री तिथंच झोपायचं. दीड महिना घटकाभरही एकटा राहिला नाही. आणि सोमवारी साडेनऊला ऑटो आला, दहाला आम्ही दोघं कामावर. सासू-सासरे पेरणीसाठी गावाकडं. संध्याकाळी लेकरं पाचला येईपर्यंत घरात कोणी नाही.

चार दिवसांत दाराची चौकट ओरबाडली. घरात कधी लघवी करत नव्हता, ती दोनदा केली. धाकट्याची एक चप्पल आणि कंपासपेटीतलं खोडरबर गेलं. शेजारच्या काकू म्हणतात, गाडी वळली की लांडग्यासारखा गळा काढतो. भाकरीला तोंड लावत नाही. आज तर दप्तराची चेन वाजली तरी थरथरायला लागला. यांचं म्हणणं, आखाड्यावर नेऊन सोडू, जिथला तिथं बरा. ते ऐकून लेकरं जेवली नाहीत. मला दोन्हीकडून ऐकावं लागतंय. काय करू?

---

सेलूकर – १९ जून, रात्री ११.०५

आमच्याकडं पण सेम. आमचं लॅब्रॅडॉर आहे, ते रडत नाही, सोफा खातं. वाचत बसतो.

---

आखाड्यावरचा गडी (हिंगोली जिल्हा) – २० जून, सकाळी ५.५०

ताई, राग मानू नका पण हे लाडानं झालंय. आमच्या आखाड्यावर तीन कुत्रे हायेत. त्यांना ना उन्हाळ्याची सुट्टी ना दिवाळीची. रातभर रानडुकराच्या मागं, दिवसा झाडाखाली. कोन्ही रडत नाही. माणसाच्या लेकरासारखं ठेवलं की माणसासारखंच करनार. साखळीनं बांधा, दोन दिवस वरडंल, तिसऱ्या दिवशी गप बसतंय.

---

निवृत्त मास्तर (उदगीर) – २० जून, सकाळी ८.३०

गडीभाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण अर्धंच. त्यांच्या कुत्र्यांना काम आहे, सोबत आहे, आणि त्यांचा दिवस जूनमध्ये अचानक बदलत नाही. बाजऱ्याचा एका सोमवारी साडेनऊ वाजता बदलला. माझी अडतीस वर्षं शाळेत गेली, त्यामुळं पहिलीत आलेली लेकरं वर्गाच्या दाराला धरून कशी रडतात ते पाहिलंय. हा तोच प्रकार. फरक एवढाच की त्या लेकराला आई सांगू शकते, पाचला येते. ह्याला सांगता येत नाही.

साखळी मात्र नको. घाबरलेलं कुत्रं साखळीला ओढ घेऊन गळा कापून घेतं, दात मोडून घेतं. आणि तिसऱ्या दिवशी गप बसतं ते शांत झालं म्हणून नव्हे. कितीही ओरडलं तरी कोणी येत नाही हे कळल्यावर लेकरूही गप बसतं.

आधी एक करा. जुना मोबाईल खिडकीत टेकवून रेकॉर्डिंग लावून जा. एकटेपणाला घाबरणारं कुत्रं तुम्ही गेल्या गेल्या सुरू होतं, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच: येरझाऱ्या, लाळ, दाराशी ओरबाडणं, गळा काढणं. कंटाळलेलं कुत्रं आधी तासभर झोप काढतं आणि मग उठून सोफ्याकडं वळतं. (सेलूकर, तुमचं ह्या दुसऱ्या प्रकारातलं वाटतंय.) कंटाळ्याला काम दिलं की भागतं. भीतीला तेवढ्यानं भागत नाही. आणखी एक खूण आहे. जाताना त्याच्या अगदी आवडीचं काहीतरी ठेवून जा. कंटाळलेलं कुत्रं ते फस्त करतं. घाबरलेलं बघतही नाही आणि तुम्ही परत आल्यावर खातं.

तुमच्या वर्णनावरून मला ही भीती वाटते. तसं असेल तर दोन गोष्टी.

पहिली, दप्तराची चेन. दप्तर, गणवेश, किल्ली, ऑटोचा हॉर्न, ह्यांचा अर्थ त्याच्या डोक्यात 'आता सगळे जाणार' असा पक्का झालाय. तो खोटा ठरवायचा. संध्याकाळी दप्तर पाठीला लावा आणि टीव्ही बघत बसा. चपला घालून भाजी निवडा. किल्ली वाजवून परत खुंटीला लावा. दिवसातून दहा-पंधरा वेळा, काही न बोलता. थोड्या दिवसांनी तो डोळा उघडून बघेल आणि परत झोपेल.

दुसरी, एकटं राहायची सवय अगदी घोटभर पाजायची. दार ओढून घ्या, दहा सेकंद, परत आत. मग अर्धा मिनिट. मग पुन्हा दहा सेकंद. मग दोन मिनिटं. वेळ जिन्यासारखी सरळ चढवायची नाही, मधेमधे सोपी पायरी टाकायची. तो रडायच्या आत परत यायचं, ही खरी मेख आहे. पहिला अर्धा तास जमायलाच बरेच दिवस जातात. त्यानंतर मात्र भरभर पुढं सरकतं.

आणि अडचणीची गोष्टही सांगून टाकतो. हे चालू असताना रोज सात तास एकटा ठेवलात तर सकाळी शिकवलेलं दुपारी पुसलं जातं. त्या दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी घरात पाहिजे. शेजारच्या काकू तक्रार करण्याइतक्या जवळ राहतात ना? त्यांनाच विचारा.

---

जिंतूरची सून – २० जून, दुपारी २.१५

मास्तर, जेवणाच्या सुट्टीत वाचतेय, डोळ्यांत पाणी आलं. एक कबूल करते. चौकट बघितल्यावर मंगळवारी मी त्याला चपलेनं दोन दिल्या. लगेच कान पाडून पलंगाखाली गेला. म्हणजे त्याला चूक कळते ना?

---

निवृत्त मास्तर – २० जून, दुपारी ४.००

नाही कळत. तुमचा चेहरा कळतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकेतल्या बाईंनी यावर प्रयोग केला, २००९ साली प्रसिद्ध झालाय. मालक बाहेर गेल्यावर काही कुत्र्यांनी मना केलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. पण मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. कान पाडणं, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की दिसलं. कुत्र्यानं खरंच खाल्लं होतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट बिनगुन्ह्याची कुत्री रागावल्यावर जास्त ओशाळली.

चौकट सकाळी दहाला ओरबाडली, मार संध्याकाळी सहाला. मधे आठ तास. त्याच्या लेखी हिशेब असा की घरचे आधी सोडून जातात आणि परत आल्यावर मारतात. आता त्याला जाण्याचीही भीती आणि येण्याचीही. जे झालं ते झालं, पुढं नको.

---

नांदेडची मम्मी – २० जून, रात्री ९.२०

मास्तरांनी मोठं सांगितलं, मी बारकं सांगते. शाळा सुरू झाली की दप्तरं कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर येतात हे कोणी बोलत नाही. मागच्या वर्षी आमच्या लेकीनं डबा अर्धा ठेवला, दप्तर हॉलमध्ये फेकलं आणि खेळायला पळाली. आमच्या पॉमेरियननं चेन दातानं उघडून कांदा-लसणाची चटणी, सोबत मैत्रिणीच्या वाढदिवसाचं चॉकलेट, सगळं साफ केलं. रात्रभर उलट्या. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, मनुके ही सगळी कुत्र्याला विषासारखी. बिनसाखरेच्या बऱ्याच च्युइंगगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, ते तर फार घातक. खोडरबर, पेन्सिलीचे तुकडे आतड्यात अडकतात. ताई, ते खोडरबर बाहेर पडलं का बघा. उलट्या झाल्या किंवा पोट फुगलं तर थांबू नका.

तेव्हापासून आमचा नियम: आल्या आल्या दप्तर खुंटीला, डबा ओट्यावर, मग कुत्रा. लेकरं आली की तो अंगावर उड्या मारतो, धाकटी पडते. तिला शिकवलं, झाडासारखी उभी राहा, वर बघ, चारही पाय खाली टेकले की हात फिरव. आठ दिवसांत उड्या थांबल्या.

---

सेलूकर – २० जून, रात्री ९.४५

आमच्यासारख्या कंटाळ्याच्या केसला काय उपाय आहे ते पण सांगा की कोणी, सोफा बारा हजाराचा होता.

---

नांदेडची मम्मी – २० जून, रात्री १०.१०

सकाळी शाळेच्या आधी अर्धा तास फिरवा, आणि ओढत नेऊ नका, हुंगू द्या. कुत्र्याला हुंगणं म्हणजे आपला पेपर वाचणं. मग घरी अंड्याच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भाकरीचे तुकडे दडवायचे, वरून जुना टॉवेल गुंडाळायचा. दुसरं म्हणजे बिनमिठाचं दही-भाकरी स्टीलच्या वाटीत रात्री फ्रीजरला टाकायची, सकाळी जाताना ठेवायची. चाटून चाटून अर्धा तास जातो आणि थकून झोपतो. जूनच्या उकाड्यात त्यालाही गार.

---

देगलूर नाका – २१ जून, सकाळी ७.१०

'भाकरीला तोंड लावत नाही' हे वाचून थांबलोय. सगळे मनावर बोलायलेत, जरा अंगावरही बघा.

आमचा टॉमी. तीन वर्षांपूर्वीचा हाच जून. मुलगी होस्टेलला गेली आणि त्यानं खाणं सोडलं. सगळे म्हणाले, ताईची आठवण येतेय. आम्हीही तिच्या फोटोपुढं त्याला बसवून व्हिडिओ काढले, स्टेटसला ठेवले, लोकांनी रडायचे चेहरे टाकले. सहाव्या दिवशी नाकातून रक्त आलं. गोचीड ताप होता. रक्तातल्या पेशी एवढ्या उतरल्या होत्या की डॉक्टर आमच्यावरच चिडले, आठवणीनं हिरड्या पांढऱ्या पडतात का म्हणाले. टॉमी वाचला, पण थोडक्यात.

पहिला पाऊस पडला की गोचिडी वाढतात आणि शाळाही तेव्हाच सुरू होतात. म्हणून हा घोळ होतो. कान आतून उलटून बघा, पंज्याच्या बोटांच्या बेचक्यात बघा, शेपटीखाली बघा. ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी पाहिजे. ताप मोजा. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. १०३ च्या वर असेल तर दवाखाना. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन चुकूनही देऊ नका. आणि ती न खाल्लेली भाकरी पोरं आल्यावर खातो का, की तेव्हाही नाही? तिथं फरक कळेल.

---

जिंतूरची सून – २१ जून, सकाळी ७.४०

सोमवार-मंगळवार लेकरं आल्यावर खायचा. परवापासून तेव्हाही नाही. बघते.

---

जिंतूरची सून – २१ जून, सकाळी ८.२५

डाव्या कानात अकरा. उजव्यात सात. बेचक्यात मोजल्या नाहीत. ताप १०३.८. निघालो.

---

सेलूकर – २१ जून, सकाळी ८.३०

कळवा ताई. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे ना, तिथं चिकित्सालय आहे. खेड्यावरून कोणी वाचत असेल तर १९६२ वर फोन लावून बघा, फिरतं पथक असतं.

---

मामाचा वाडा (अंबाजोगाई) – २१ जून, दुपारी १२.३०

ताईंची वाट बघता बघता माझंही विचारतो. आमचा प्रश्न वेगळा, कारण आमचं लेकरू पाचला येत नाही. मुलगा दहावी झाला, अकरावी आणि नीटच्या तयारीला लातूरला ठेवला. आमच्या गल्लीत हे तिसरं पोरगं. आता दिवाळीलाच येईल. आमचा शेरू सात वर्षांचा. मुलगा रोज संध्याकाळी सहाला त्याला मुकुंदराजाच्या रस्त्याला फिरवायचा. आता सहा वाजले की शेरू पट्टा तोंडात धरून त्याच्या खोलीच्या दारात. आम्ही व्हिडिओ कॉल लावून दिला. आवाज ऐकला तसा घरभर शोधत सुटला, पलंगाखाली, संडासात, गच्चीवर. मग रात्रभर कण्हत राहिला. तिकडं पोरगा रडला ते वेगळंच.

---

निवृत्त मास्तर – २१ जून, दुपारी ३.००

कॉल बंद करा, निदान महिनाभर. आवाज येतो, वास येत नाही. कुत्र्याच्या जगात हे भूतच झालं.

सहाची वेळ मोडू नका. माणूस बदला, वेळ नको, रस्ता नको. तुम्ही स्वतः पट्टा घ्या. पहिले काही दिवस तो मागं वळून बघेल. तेव्हा समजूत घालत थांबू नका, चालत राहा. खोलीचं दार उघडं ठेवा आणि पलंगावरची चादर धुऊ नका. काही जण म्हणतात वासानं आठवण वाढते. आमच्या अनुभवात वासावर झोप लागते. कण्हत त्यात शोधत बसला तर मात्र काढून घ्या. आणि सात वर्षांचा आहे म्हणता, रक्त तपासून घ्या, देगलूर नाक्यांचं ऐकून.

(लातूरला पाठवलेल्या लेकरांच्या आया संध्याकाळी सहाला काय करतात, हा वेगळा धागा काढावा लागेल.)

---

मामाचा वाडा – २१ जून, दुपारी ३.२०

मास्तर, ती दारातच असते. शेरूच्या शेजारी.

---

जिंतूरची सून – २१ जून, रात्री ८.५०

गोचीड तापच. पेशी उतरल्यात, पण सलाईन लावून घरी पाठवलं. अठ्ठावीस दिवस गोळी आहे, मधेच सोडायची नाही म्हणून बजावलंय. अंगाला औषध लावलं, उद्या त्याची गादी, पोती, गच्चीचे कोपरे सगळं साफ करायचंय, कारण गोचीड भिंतीच्या फटीत अंडी घालते म्हणे. मी विचारलं, मग रडणं पण आजाराचंच का? डॉक्टर म्हणाले, बरा झाल्यावर बघा, दोन्ही असू शकतं. आजारी अंगाला एकटेपण जास्त बोचतं.

देगलूर नाका, तुमचे उपकार कसे फेडू.

---

देगलूर नाका – २१ जून, रात्री ९.१५

फेडू नका. दर रविवारी कान उलटून बघा.

---

आखाड्यावरचा गडी – २२ जून, सकाळी ६.०५

ताई, साखळीचं बोललो ते माघारी घेतो. मपल्या कुत्र्यांचे कान बघितले आज. बरंच काही निघालं.

---

जिंतूरची सून – रविवार, १३ जुलै, रात्री १०.००

तीन आठवडे झाले, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

खाणं पाचव्या दिवशी परत आलं. रडणं मात्र गेलं नाही. तर डॉक्टरांचं खरं: खाण्याचं दुखणं गोचिडीचं, रडण्याचं लेकरांचं.

काकूंना विचारायला जीव होत नव्हता, शेवटी गेले. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्ही कधी विचारताच नाही. त्या एकट्याच असतात दिवसभर. आता दहा ते एक बाजऱ्या त्यांच्या ओसरीत. एकला मी बँकेतून येऊन त्याला घरी आणते आणि अर्ध्या तासानं पुन्हा काकूंकडं सोडून जाते. एकटं राहायची वेळ आम्ही मास्तरांच्या पद्धतीनं वाढवत नेली. धाकट्यानं वहीत तक्ता केलाय, तारीख, किती मिनिटं, रडला का. गणिताच्या वहीत केलाय, बाई काय म्हणतील देव जाणे. २४ जूनला चाळीस सेकंदांवर गळा काढला होता. काल एक तास पन्नास मिनिटं एकटा, रेकॉर्डिंगमध्ये एकदा उठला, पाणी प्यायला, दाराकडं बघितलं, झोपला.

मधे दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे रविवार. शनिवार-रविवार आम्ही सगळे दिवसभर घरी, आणि सोमवारी पुन्हा पहिला पाढा. आता रविवारी मुद्दाम तासभर सगळे बाहेर जातो, काही काम नसलं तरी. कोपऱ्यावर उसाचा रस पिऊन येतो. दुसरं म्हणजे २ जुलैची दुपार. असा कडकडाट झाला की आठ दिवसांची कमाई गेली. विजेला तो आधीपासून घाबरतो, आणि एकटेपणाची भीती न् आवाजाची भीती अशी बऱ्याचदा जोडीनं असते म्हणे. आता आभाळ भरलं की काकू त्याला आत घेतात, कूलर मोठ्यावर लावतात, आवाजात आवाज मिसळतो.

पुढच्या वर्षी मे महिन्यातच सुरुवात करणार. शाळेच्या आधी पंधरा दिवस रोज थोडं थोडं एकटं ठेवलं असतं तर एवढं झालंच नसतं. आपण वह्यांना कव्हरं घालतो, डबा-बाटली आणतो, गणवेश उसवून मोठा करतो. तयारी सगळ्यांची होते, ह्याचीच राहिली.

हे आखाड्याचं नाव काढत नाहीत आता. रात्री तेच गोळी गुळात घालून देतात. (गुळात नको म्हटलं, तरी देतात.)

---

मामाचा वाडा – १४ जुलै, सकाळी ७.३०

शेरू सहाला माझ्याकडं पट्टा घेऊन येतो आता. खोलीच्या दारात नाही. चादरीवर झोपतो. बायको पण येते फिरायला.

---

आखाड्यावरचा गडी – १४ जुलै, सकाळी ९.१०

एक सांगायचं राह्यलं. पहिल्या दिवशी म्हन्लो की आमच्या कुत्र्यांना काही फरक पडत नाही. खोटं निघालं. तिघातला काळू शाळा उघडल्यापासून सकाळी आखाड्यावर दिसंना. मला वाटलं डुकरामागं गेला. काल मास्तर भेटले गावातले, म्हणे तुमचा काळू रोज पोरीसंगं शाळेत येतो, लिंबाखाली बसतो, खिचडीच्या टायमाला उठतो, पाचला तिच्यासंगं माघारी. पोरांनी पटावर नाव लावलंय त्याचं.

---

नांदेडची मम्मी – १४ जुलै, सकाळी ९.२०

भाऊ, हसले पोटभर. पण रेबीजची लस दिलीय का? एवढ्या लेकरांत बसतो.

---

आखाड्यावरचा गडी – १६ जुलै, सायंकाळी ७.४५

आज तालुक्याला नेऊन तिघांनाही देऊन आनली. काळूला लवकर सोडा म्हन्लो डॉक्टरला, त्याची दुपारची शाळा बुडायलीय.